विटेखालचं सँडविच

कॅनडाहून परतल्यापासून इचलकरंजीत जो भेटेल तो पहिलं एकच विचारतो, "नायगरा बघितला का?" बघितला. पुष्कळ पाणी आहे, खूप वरून पडतं, आणि अंगावर निळा प्लास्टिकचा झगा चढवून आपण मुद्दाम भिजायला जातो. त्यापलीकडे मला त्याबद्दल काही सांगता येणार नाही. सांगण्यासारखं जे आहे ते ब्रॉसार्ड नावाच्या गावात, एका तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात घडलं. तिथे कुठली टूर जात नाही, म्हणून लिहून काढते आहे.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. माझी बेकरी आहे. नवऱ्याने सुरू केली, तो गेल्यावर मी चालवली. पाव, टोस्ट, खारी, नानकटाई. पहाटेपासून भट्टीपाशी उभं राहून राहून माझाही स्वभाव तापट झालाय, असं कामगार आपसात बोलतात. मला ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत आहे. मुलगी एकच, केतकी. ती पुण्यात शिकली आणि सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी कॅनडात किचनरला गेली. दोन हजार एकोणीसच्या उन्हाळ्यात तिने फोनवर सांगितलं, "आई, मला योएलशी लग्न करायचंय." योएल क्यूबाचा. सात वर्षांचा असताना आईबरोबर कॅनडात आला. वडील हवानातच राहिले, दुसरा संसार मांडून.

मी "बघू" म्हणाले. आमच्या घरात "बघू" म्हणजे नाहीच्या अलीकडचं स्टेशन असतं, हे केतकीला चांगलं ठाऊक आहे. तिने माझं तिकीटच काढलं.

किचनर

दसरा झाला आणि मी निघाले. केतकीचा काँडो, म्हणजे फ्लॅट, सातव्या मजल्यावर आहे. खिडकीतून रस्ता दिसतो, पण रस्त्यावर माणूस दिसत नाही. पहिल्याच दिवशी ती मला ग्रोसरीला घेऊन गेली. तिथे ब्रेडची एक अख्खी गल्ली! मी एकेक पाव हातात घेऊन दाबायला लागले. आमच्या धंद्यात डोळ्याआधी बोटं बघतात.

"आई, प्लीज दाबू नकोस ना सगळे. लोक बघतायत."

"बघू देत. हा दाबला की दबतो आणि परत वर येतच नाही. ह्याला पाव म्हणतात?"

"आई, इट्स जस्ट ब्रेड!"

ज्या मुलीला मी पावावर वाढवली तिने हे म्हणावं! मी हातातला पाव परत ठेवला. एकही घेतला नाही. घरी येऊन पोळ्या लाटल्या.

संध्याकाळी योएल आला. उंच, सावळा, मुलींना हेवा वाटावा अशा पापण्या. दारात बूट काढून त्याने एकाशेजारी एक नीट लावले, तेवढं मी टिपून ठेवलं. मग म्हणाला, "काकू, चहा?" आणि स्वतःच स्वयंपाकघरात गेला. केतकीने पढवलं असणार, पण चहा त्याने इतका उकळला की कपात आला तेव्हा काढा झाला होता. मी प्यायले.

तो गेल्यावर केतकी माझ्याशेजारी येऊन बसली. "आई, एक क्लिअर करते. तू नाही म्हणालीस तर मी भांडेन, रडेन, आठ दिवस जेवणार नाही. पण तुझ्या होकाराशिवाय लग्न करणार नाही. सो प्लीज, नीट बघ आणि मग सांग. लाँग वीकेंडला आपण त्याच्या आईकडे जातोय."

ती पळून जाऊन लग्न करते म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. चार दिवस रागावून मी गप्प झाले असते. हिने सगळं माझ्याच पदरात टाकलं. खरं सांगायचं तर मुलगा क्यूबाचा की कोकणातला, याची मला तेवढी भीती नव्हती. माझी भीती वेगळी होती. उद्या हिच्या घरी तीन भाषा बोलल्या जातील आणि त्यातली माझी एकही नसेल. नातवंडं माझ्याकडे बघून गोड हसतील आणि खेळायला निघून जातील. लेकीच्या घरी मी कायमची पाहुणी होईन. हे कुणापाशी बोलायलाही लाज वाटत होती, म्हणून मी "बघू" म्हणत होते.

ब्रॉसार्डचा रस्ता

शुक्रवारी सकाळी योएलच्या गाडीने निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं तांबडी, पिवळी, नारिंगी. मला आधी वाटलं, पिकावर तांबेरा पडतो तसा इथल्या झाडांवर काही रोग पडलाय. केतकी म्हणाली, "आई, फॉल कलर्स! लोक हे बघायला लांबून येतात." आपल्याकडे पानं वाळली की आपण झाडू आणतो. पण तासाभराने मीही बोलायची थांबले आणि नुसती बाहेर बघत राहिले. इतकं छान होतं.

दुपारी एका थांब्यावर मी डबा उघडला. पोळी आणि शेंगदाण्याची चटणी. योएलने चार पोळ्या खाल्ल्या. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो म्हणत होता, "आय एम फाईन, काकू. आय एम फाईन." थोड्या वेळाने रस्त्यावरच्या पाट्या फ्रेंच झाल्या. मला इंग्रजी पाट्यासुद्धा अडखळत वाचता येतात, त्यामुळे मला काही मोठा फरक पडला नाही.

ब्रॉसार्ड मॉन्ट्रियलच्या नदीपलीकडे आहे. योएलच्या आईची इमारत जुनी, तीन मजली. तळमजल्यावरच्या चिनी आजोबांनी गॅलरीच्या कठड्यावर वेल चढवलेला, आणि त्याला चक्क दुधी लागलेले! मी त्यांना नमस्कार केला. त्यांनीही केला. परदेशात दुधी दिसला की कसला धीर येतो हे तिथे गेल्यावरच कळतं.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि मिर्ताने, म्हणजे योएलच्या आईने, मला काही कळायच्या आत मिठी मारून दोन्ही गालांवर आवाज काढून पापे घेतले. माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात असा आवाज केला नव्हता. मी खांबासारखी उभी. केतकी मागे हसू दाबत होती.

मिर्ता माझ्याच वयाची, साठीच्या उंबरठ्यावरची. बुटकी, गोल, पांढऱ्या केसांचा अंबाडा, गळ्यात साखळीला लटकवलेला चष्मा. तिला स्पॅनिश आणि फ्रेंच येतं, इंग्रजी माझ्याइतकंच. वीस वर्षं तिने मॉन्ट्रियलमध्ये कोट शिवायच्या कारखान्यात काम केलं होतं. ते मला योएलने नंतर सांगितलं, पण त्याआधीच मला संशय आला होता. पापे झाल्यावर तिने माझ्या साडीचा पदर हातात घेतला, दोन बोटांत चोळला, आणि उलटा करून पाठची बाजू बघितली. मी कापडाच्या गावची. कापड उलटं करून बघणारी बाई मला तिथेच आवडली.

हे मी अर्थात कुणालाही कळू दिलं नाही.

शनिवार: खरेदी

योएलने सांगितलं, त्यांच्याकडे कुणी मोठं माणूस पहिल्यांदा घरी आलं की मिर्ता क्यूबन सँडविच करते. मला वाटलं, सँडविच! आमच्याकडे पाहुण्याला पुरणपोळी करतात आणि ही सँडविचवर भागवते? पण शनिवारी सकाळी तिचा ओटा बघितला आणि माझं मत बदललं. या सँडविचची तयारी आदल्या दिवसापासून चालते. मूठभर लसूण आणि जिरं तिने लाकडी खलबत्त्यात कुटलं. त्यात एक वाळलेला पाला चुरला, त्याचा वास थेट ओव्याचा. क्यूबात एक आंबट संत्रं मिळतं ते इथे मिळत नाही, म्हणून साधं संत्रं आणि लिंबू एकत्र पिळलं. त्या रसात मांसाचा मोठा तुकडा बुडवून ठेवला. लसूण-जिऱ्याचा वास नाकात गेला आणि हात आपोआप कामाला लागले. मी न विचारता लसूण सोलायला बसले. तिने न बोलता ताटली पुढे सरकवली.

मांस डुकराचं होतं. मी मटण, मासे सगळं खाते, पण डुक्कर आमच्या घरात कधी शिरलं नाही. मी केतकीला हळूच म्हणाले, "मला भात टाक. माझं काही अडत नाही." ती म्हणाली, "बघू." माझंच अस्त्र माझ्यावर.

मग आम्ही चौघं ग्रोसरीला गेलो. हॅम घेतलं, भोकाभोकांचं चीज घेतलं, मोहरीची पिवळी चटणी घेतली. काकडीच्या लोणच्याची बरणी मी उचलून उजेडात धरली. "ह्यात मीठ, पाणी आणि काकडी दिसते. लोणचं कुठंय?" केतकीने भाषांतर करायला साफ नकार दिला. यादीत आणखी काही नव्हतं. टोमॅटो नाही, कांदा नाही, पाल्याबिल्याचं तर नावच नको. एका हॉटेलात या सँडविचमध्ये सॅलडचं पान निघालं तेव्हा मिर्ता न खाता उठून आली होती, असं योएलने सांगितलं. तापट बायका सगळीकडे असतात, याचं मला बरं वाटलं.

शेवटी मिर्ता ब्रेडच्या कोपऱ्यात गेली आणि तिचा चेहरा उतरला. तिने लांबुडका, कडक कवचाचा फ्रेंच पाव उचलला. मी दाबून बघितला. योएल म्हणाला, "मॉम सेज, आमचा ब्रेड वेगळा असतो, काकू. कवच पातळ, आत मऊ. हा प्रेस केला की तोंड सोलतं. पण वीस वर्षं आम्ही हाच खातोय." हे सगळं इंग्रजीत. केतकीने मला मराठीत सांगितलं.

मिर्ताची आई हवानात एका सिगारच्या कारखान्याच्या फाटकाजवळ ही सँडविचं विकायची, हेही तेव्हाच कळलं. पुढे तिथे हॅम मिळेनासं झालं, मग पावात जे असेल ते घालून दाबायचे. कॅनडात आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात मिर्ताने पुन्हा सगळं जमवलं, फक्त पाव तेवढा कधी जमला नाही. तिला शिवण येत होतं, भट्टीचं काम नाही.

मी तो पाव तिच्या हातातून काढून घेतला आणि परत फडताळात ठेवला. "ब्रेड मी करते," मी तिला मराठीत सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि मैद्याच्या रांगेकडे वळली. भाषांतराची गरज पडली नाही.

रविवार: पीठ

रविवारी सकाळी आम्ही दोघींनी ओट्याचा ताबा घेतला आणि मुलांना बाहेर काढलं. क्यूबन पावात डुकराची चरबी घालतात. मिर्ताने ती बरणी कपाटातच ठेवली आणि माझ्यासमोर बटर ठेवलं. पिठाचा अंदाज तिला बोटांनी आठवत होता, मला मुठींनी. मी मळते ते मुठीने रेटून. ती मळते ते आपटून. पहिली दहा मिनिटं आम्ही एकमेकींकडे बघून माना हलवत होतो. मी दाखवायची, ती "नो, नो" म्हणायची. ती आपटायची, मी "अहो, हळू" म्हणायची. शेवटी अर्धं तिने मळलं, अर्धं मी, आणि दोन्ही गोळे एकत्र केले.

पण पीठ फुगेना. ऑक्टोबरात इचलकरंजीला तासाभरात भांड्याबाहेर डोकावतं. इथे दीड तास झाला तरी जागचं हललं नव्हतं. बावीस वर्षं पाव करणाऱ्या बाईची परक्या घरात अशी फजिती! मी ओव्हनकडे बघते, खिडकीतल्या उन्हाकडे बघते. मिर्ताने भांडं उचललं, कपडे वाळवायच्या मशीनवर ठेवलं, आत चार कोरडेच टॉवेल टाकले आणि मशीन चालू केलं. मशीन गरम झालं. पीठ वर आलं. माझ्या भट्टीवरच्या कामगारांना हे सांगितलं तेव्हा कुणाचाही विश्वास बसला नाही.

लांब पाव वळून झाल्यावर तिने शिवणाच्या डब्यातून जाड सुती दोरा काढला, पाण्यात बुडवला, आणि प्रत्येक पावाच्या मधोमध उभा ठेवला. तिकडे ताडासारख्या झाडाच्या पानाची पट्टी ठेवतात म्हणे. भाजताना पाव त्या रेषेवर बरोबर उकलतो. ही युक्ती मी आता बेकरीत वापरते आणि कुणाला विचारू देत नाही.

पाव ओव्हनमध्ये गेले. इथपर्यंत सगळं छान चाललं होतं.

शेगडीवर एका लहान पॅनमध्ये काहीतरी रटरटत होतं. त्याच लसूण-जिऱ्याच्या रसातलं. तोवर मुलंही वासाने आत आली होती. मिर्ताने चमचाभर रस घेतला, फुंकला, तोंडात घातला, डोळे मिटले. मग तोच चमचा पुन्हा पॅनमध्ये बुडवला, आणि भरून माझ्या तोंडापुढे धरला. "प्रुएबा," ती म्हणाली. बघ तर खरं.

पुढचं जे झालं ते मी केलं नाही, माझ्या हातांनी केलं. पदर तोंडावर गेला, मी एक पाऊल मागे सरले, "अगं बाई, उष्टं!" असं ओरडले, तिच्या हातातला चमचा काढून सिंकमध्ये टाकला आणि पॅनवर झाकण ठेवलं. आमच्या घरी देवाला दाखवल्याशिवाय स्वयंपाक कुणी चाखत नाही, आणि उष्टा चमचा तर भांड्यात जातच नाही. बेकरीत बोट चाटणाऱ्या माणसाला मी त्या दिवशी घरी पाठवते. हे सगळं खरं. पण समोरच्या बाईने काय बघितलं? तिने प्रेमाने भरवलेला घास मी तोंड झाकून सिंकमध्ये फेकला.

मिर्ताच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तिने हात पुसले, एप्रन काढून खुर्चीवर ठेवला, आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं.

"आई! व्हॉट वॉज दॅट?"

"अगं, तिने उष्टा चमचा..."

केतकीने योएलला समजवायला सुरुवात केली. "सी, देअर इज धिस थिंग... जेव्हा तुमच्या तोंडाचा स्पर्श... सो द सलायव्हा..."

योएलच्या भुवया वर गेल्या. "तिला वाटतं माझ्या आईचं तोंड घाण आहे?"

"नो! आय मीन, एव्हरीबडीज. माझंसुद्धा."

जितकं सांगावं तितकं चिघळत होतं. मी म्हटलं, "तू बोलू नकोस आता." तेव्हा केतकी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती दबक्या आवाजात, एकदम शुद्ध इचलकरंजीत बोलली. "आई, ते चिकन होतं. फक्त तुझ्यासाठी. तू डुक्कर खात नाहीस म्हणून तिने पॅन नवीन आणलाय. सुरी नवीन, उलथणं नवीन. एकाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून काल ती मला तीन-तीनदा विचारत होती. आणि तू..."

मी झाकण काढलं. पॅन खरंच कोरा करकरीत होता, दांड्याला अजून कागदाची चिकटपट्टी. शेजारच्या फळीवर नवी सुरी, एका बाजूला, वेगळ्या रुमालावर. माझ्या सासूने आयुष्यभर सोवळं पाळलं, पण स्वतःसाठी. दुसऱ्या कुणाच्या नियमांसाठी, त्यांचा अर्थही माहीत नसताना, असं वेगळं मांडणारी बाई मी पाहिली नव्हती. मला अतिशय लाज वाटली. तोंडावर पाणी मारावंसं वाटलं.

मी सिंकमधला चमचा धुतला, पॅन उचलला आणि गॅलरीत गेले. मुलं मागोमाग.

मिर्ता कुंडीतल्या तुळशीसारख्या झाडाची वाळकी पानं खुडत होती. ती वळली नाही. मी पॅन कठड्यावर ठेवला. चमचाभर रस घेतला आणि तिच्यासमोर तोंडात घातला. आंबट, खारट, लसणाचा, आणि मागून येणारं जिरं. काय चव होती! मग तोच चमचा, माझा उष्टा, मी पुन्हा पॅनमध्ये बुडवला. माझ्या हाताला ते जमेना. थोडा रस कठड्यावर सांडला. तसाच तो चमचा मी तिच्या तोंडापुढे धरला.

"प्रुएबा," मी म्हणाले. मला येत असलेला एकमेव स्पॅनिश शब्द.

तिने चमच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मग ती योएलला काहीतरी भराभर म्हणाली आणि डोळे पुसले. योएलने इंग्रजीत सांगितलं, केतकीने मराठीत: "ती म्हणतेय, तिला वाटलं तू मुलीला परत घेऊन चाललीस."

मी उत्तर देणार इतक्यात माझ्या नाकाला खरपूस वास आला.

"पाव!"

मी धावले, मिर्ता धावली, दारात आम्ही दोघी अडकलो, कारण दोघींचाही आकार बेताचा नाही. ओव्हन उघडला. आणखी दोन मिनिटं गेली असती तर कोळसा झाला असता. पाव सोनेरी-तांबूस, आणि मधोमध दोऱ्याच्या रेषेवर बरोबर उकललेले. मिर्ताने एक पाव गरम असतानाच हातात घेतला, कानाशी नेऊन दाबला. कवच कुरकुरलं. तिने तो छातीशी धरला आणि ओट्याभोवती एक गिरकी घेतली. साठीची बाई, हातात पाव. मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, खूप वर्षांनी मी एवढी खूश झाले होते.

रविवार: वीट

सँडविच दाबायला विजेचं यंत्र मिळतं, पण मिर्ताला ते मान्य नाही. तिच्याकडे एक वीट आहे. इमारतीच्या पायऱ्या नव्याने बांधत होते तेव्हा तिने ती उचलून आणली, घासून धुतली आणि चंदेरी कागदात गुंडाळली. जाड बिडाच्या तव्यावर बटर. पावाचे दोन भाग. आतून मोहरीची चटणी, मग हॅम, मग भाजलेलं मांस, मग चीज, मग काकडी. वरून झाकण, झाकणावर वीट. माझं चिकनचं सँडविच, हॅम न घालता, नव्या पॅनमध्ये वेगळं भाजलं. त्यासाठी दुसरी वीट नव्हती, म्हणून मलाच नव्या उलथण्याने जोर द्यायला सांगितलं. मी पूर्ण वजन टाकलं. "देस्पासिओ!" मिर्ता ओरडली. हळू! माझ्यावर कुणी ओरडण्याची मला सवय नाही. मी हळू दाबलं.

चीज बाजूने उतू येऊन चरचरलं. पाव दबून निम्म्याहून पातळ झाला, वरून खरपूस. तिने प्रत्येक सँडविच तिरकं कापलं. चौघं छोट्या टेबलाभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसलो. मी तोंडात घास घातला. कवच मोडलं, चीज ओढलं गेलं, मांसातला रस पावात मुरलेला. आणि ती काकडी, जिची मी ग्रोसरीत एवढी थट्टा केली, तीच मधूनच चटकन येऊन सगळ्याला जागेवर आणत होती. मी केतकीला म्हटलं, "माझे शब्द परत घेते. लोणचं आहे." योएल तर बोलतच नव्हता, फक्त खात होता.

मिर्ताने पहिला घास खूप वेळ चावला. आम्ही तिघंही तिच्याकडे बघत होतो. वीस वर्षांनी तिला हा पाव मिळत होता. ती मला बघून हसली, माझ्या हातावर हात ठेवला, मग जरासं नाक मुरडलं आणि एक लहानसं वाक्य बोलली.

योएल ताटलीत बघायला लागला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

त्याने केतकीकडे बघितलं. दोघांचं डोळ्यांनी काहीतरी चाललं. केतकी म्हणाली, "म्हणतेय, खूप छान झालंय."

"मग योएलने तुझ्याकडे का बघितलं? आणि छान म्हणायला माणूस असं नाक मुरडत नाही. खरं सांग."

केतकीने डोळे मिटून सांगून टाकलं. "म्हणतेय, पावात मीठ कमी आहे."

बावीस वर्षांत माझ्या पावाला कुणी नाव ठेवलेलं नाही. कान तापले. मी पावाचा एक कोरडा तुकडा मोडून नुसताच चावला. कमी होतं. चांगलंच कमी होतं! आपल्याकडे बटर खारं असतं, म्हणून मी पिठात मीठ हात राखून घातलं. त्यांचं बटर बिनमिठाचं.

मिर्ता माझ्याकडे बघत होती. बिलकूल घाबरलेली नव्हती. आणि माझा राग निम्म्यात विरला, कारण मला एक गोष्ट लख्ख दिसली. पाहुणीला कुणी मीठ कमी आहे म्हणून सांगत नाही. पाहुणीने काहीही करून घातलं तरी वा वा म्हणतात, आणि ती गेल्यावर उरलेलं टाकून देतात. मीठ कमी आहे हे तोंडावर माझी सासू सांगायची. माझी जाऊ सांगते. दोन दिवसांत, भाषेचा पत्ता नसताना, या बाईने मला घरच्यांत धरलं होतं. आणि मी मात्र अजून "बघू"वर अडून बसले होते.

"बरोबर आहे तुमचं," मी तिला म्हणाले. मराठीतच, तिच्या डोळ्यांत बघून. "पुढच्या वेळी मीठ तुम्हीच घाला, विहीणबाई."

केतकीच्या हातातलं सँडविच ताटलीत पडलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती, मला आईला कळेना.

"व्हॉट डिड शी से?" योएल घाबरून तिला विचारत होता. "केतकी? व्हॉट डिड शी से?"

केतकी तोंडावरचे हात काढेना. म्हणून शेवटी मीच माझ्या इंग्रजीत त्याला सांगितलं.

"नेक्स्ट ब्रेड, युवर मदर. वेडिंग, इचलकरंजी."